लाल दिव्याच्या आत

"बाहेरून बघत बसलो तर काहीच कळणार नाही," झिपरी म्हणाली. "लाल दिवा आपोआप लागतो तेव्हा आपण आतच असायला हवं."

"आत म्हणजे अडकायचं?" ढब्बूने बिस्कीट तोंडापाशीच थांबवलं.

"दारात काहीतरी अडकवून ठेवू. बंदच होणार नाही."

"माझा बूट घ्या," खारू म्हणाला. तो आठ वर्षांचा होता आणि त्याला कुठल्याही मोहिमेत काहीतरी द्यायची हौस होती.

झिपरी आणि खारू ही सख्खी भावंडं सुट्टीत मावशीकडे आली होती. ढब्बू हा मावशीचा मुलगा. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका केंद्रात मावशी काम करायची. घरी कोणी नसल्याने तिन्ही मुलं रोज तिच्याबरोबर यायची आणि तिथल्या वाचनालयात बसायची.

आठवडाभर तिथे एक विचित्र प्रकार चालला होता. भर दुपारी, रेकॉर्डिंग नसताना, स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागायचा आणि दार कुलूपबंद व्हायचं. एकदा तर मावशीच आत अडकली. यंत्रं सांभाळणाऱ्या साउंडकाकांनी बाहेरून किल्ली लावून तिला सोडवलं आणि मुलांकडे बोट दाखवलं. "ही पोरं कुठलं तरी बटण दाबतात. माझ्या कामात चूक नसते."

संचालिकाबाईंनी नाइलाजाने सांगितलं होतं की पुन्हा असं झालं, तर मुलांना आणायचं नाही. म्हणजे उरलेली सुट्टी चौथ्या मजल्यावरच्या घरात, बाहेरून कुलूप लावून.

त्या दिवशी मावशी बैठकीला गेली होती आणि साउंडकाका जेवायला घरी. तिघं स्टुडिओत शिरले. मोबाइल आत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून ढब्बूने आपला फोन बाहेरच्या टोपलीत ठेवला. दारात खारूचा बूट अडकवला.

खोली लहानशी होती. भिंतींना जाड स्पंज, टेबलावर माइक, शेजारी संगणक आणि दारात दुहेरी काचेची एक चौकोनी खिडकी. आत बोललं की आवाज तोंडातून निघताच विरून जायचा. संगणक नेहमीच्या विंडोजवर नाही, तर लिनक्सवर चालत होता. झिपरीची त्याच्याशी ओळख नवीनच होती. सकाळीच मावशीने पेनड्राइव्हवरून एक चित्रकलेचा प्रोग्रॅम तिच्याकडून इन्स्टॉल करून घेतला होता. फाइल उघडायची, 'इन्स्टॉल' म्हणायचं, पासवर्ड द्यायचा. पासवर्ड मावशीनेच सांगितला होता.

"इथे तर काहीच नाही," ढब्बू पडद्याकडे बघत म्हणाला. "माइकचा एक आयकॉन आणि तुझं चित्रकलेचं."

"पाय गार पडला," खारू म्हणाला.

"थोडं थांब."

पण खारू थांबला नाही. तो लंगडी घालत दारापर्यंत गेला आणि त्याने बूट ओढून घेतला. जड दार हळूच लागलं. त्याच क्षणी छतातला पंखा थांबला. मग दारात 'खट्' असा आवाज झाला आणि खिडकीच्या काचेवर लाल उजेड पसरला.

झिपरीने दार ढकललं. ते हललं नाही. आतून मूठच नव्हती. ती कुरकुरते, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते, म्हणून साउंडकाकांनी ती काढून टाकली होती.

"खारू," ढब्बू शांतपणे म्हणाला, "तू मोठा झालास की मी तुला मारणार आहे."

"मला शूला लागली आहे," खारू म्हणाला.

ढब्बूने दारावर धडाधडा मुठी मारल्या. स्पंजने सगळा आवाज गिळून टाकला. तेवढ्यात खिडकीबाहेर शिपाईकाका दिसले. तिघंही काचेला चिकटले, हात हलवले, तोंड वासून ओरडले. खारूने तर रडून दाखवलं. शिपाईकाकांनी आधी वर लाल दिव्याकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं, मुलांचं नाटक रेकॉर्ड होतंय असं समजून कौतुकाने अंगठा दाखवला आणि दबक्या पावलांनी निघून गेले.

"गेले," ढब्बू म्हणाला. "आता कोणीच येणार नाही. दिवा लागलाय तोवर कोणी दाराला हातसुद्धा लावणार नाही."

हे खरं होतं. बाहेर पडायची वाट अडवणारा दिवाच मदतीलाही परत पाठवत होता. हवा जड होऊ लागली होती. खारू आता खरंच रडकुंडीला आला होता. झिपरीने त्याला मांडीवर घेतलं आणि ती संगणकापुढे बसली. नेट नव्हतं. रेकॉर्डिंगच्या मध्ये संदेश वाजू नयेत म्हणून इथे जोडणीच दिलेली नव्हती.

"दार, पंखा, दिवा, तिन्ही एकदम झालं," ती म्हणाली. "म्हणजे कोणीतरी यांना हुकूम देतंय. आणि इथे हुकूम देणारं हे एकच यंत्र आहे."

"पण आयकॉन कुठे आहे?"

"सकाळी मावशी म्हणाली होती, आयकॉन म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून माणूस घर सोडून जात नाही."

तिने इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. खाली खाली जाता जाता एका नावावर बोट थांबलं. 'स्टुडिओ राखणदार: रेकॉर्डिंगच्या वेळी दार, दिवा, पंखा सांभाळतो.'

"हा बघ," ढब्बू ओरडला. "उडव त्याला."

झिपरीनेही फार विचार केला नाही. 'काढून टाका' दाबलं, पासवर्ड दिला. यादीतून नाव गेलं. तिघांनी दाराकडे पाहिलं. लाल उजेड तसाच होता.

"काढला ना? मग?"

झिपरीने सध्या काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी उघडली. तिथे राखणदार आरामात चालूच होता. "डिस्कवरून गेला, पण आधीच सुरू झालेला होता ना, तो तसाच चाललाय. त्याला वेगळं थांबवायला लागेल."

तिने त्याला थांबवलं. नाव नाहीसं झालं. दार मात्र जागचं हललं नाही.

आता ढब्बू भडकला. "आधी काढलास, मग मारलास. आता कडी उघडायला सांगणार कोण?"

बरोबरच होतं त्याचं. कडीला 'उघड' म्हणणारा एकच होता आणि त्याला तिनेच घालवलं होतं. तिचे डोळे भरून आले. घामाने केस कपाळाला चिकटले होते. खारूने तिच्या गालाला हात लावला. "ताई, मग त्याला परत बोलाव ना."

"कसा बोलावू? नेट नाही."

"सकाळी तरी कुठे होतं?" ढब्बू एकदम म्हणाला. "आईने फाइल आणली होती. साउंडकाकांनीही कुठून तरी फाइल आणूनच हा बसवला असेल. आणि ते काही आवरून ठेवणारे नाहीत. त्यांचं टेबल बघितलंयस ना?"

झिपरीने डाउनलोडचा फोल्डर उघडला. पसाऱ्यात, जुन्या फायलींच्या मध्ये, राखणदाराची फाइल पडलेली होती. तिने ती उघडली, 'इन्स्टॉल' म्हटलं, पासवर्ड दिला. पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. काहीच झालं नाही.

"घाबरू नकोस," ती म्हणाली, बहुधा स्वतःलाच. "बसवणं वेगळं, सुरू करणं वेगळं." मेनूमध्ये नाव शोधून तिने प्रोग्रॅम सुरू केला. दोन बटणं आली. 'रेकॉर्डिंग संपवा' हे बटण फिकट होतं, दाबलंच जात नव्हतं.

"त्याला वाटतंय काही सुरूच नाही. आधी 'सुरू करा' दाबावं लागेल."

"आणखी अडकायला?"

"आणखी काय अडकणार, ढब्बू?"

तिने 'सुरू करा' दाबलं. मग दुसरं बटण ठळक झालं. तिने श्वास रोखून तेही दाबलं. 'खट्.' लाल उजेड विझला, छतातला पंखा घरघरला. ढब्बूने धक्का दिला आणि दार उघडलं. खारू बाणासारखा बाहेर सुटला. एका पायात बूट, एक हातात.

ढब्बूही निघाला होता, पण झिपरी जागची उठली नाही. "दारात खुर्ची घाल आणि खुर्चीत तू बस," ती म्हणाली. "हे असंच सोडलं तर उद्या मावशी अडकेल."

प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये दोन खुणा केलेल्या होत्या. संगणक लागला की गुपचूप सुरू हो, आणि रोज दुपारी दार लागलेलं दिसलं की चाचणी घे. झिपरीने त्या ढब्बूला दाखवल्या. या वेळी तिने घाई केली नाही. आधी खुणा काढल्या, मग प्रोग्रॅम बंद केला, मग काढून टाकला, शेवटी संगणक पुन्हा चालू करून चालू कामांत त्याचं नाव नाही ना ते पाहिलं.

ती मागे वळली तेव्हा ढब्बूच्या खुर्चीमागे मावशी, साउंडकाका आणि संचालिकाबाई उभ्या होत्या. खारूने सगळ्यांना गोळा करून आणलं होतं.

"पुन्हा हात लावलात?" साउंडकाका म्हणाले.

"काका, दार राखणदार बंद करत होता," झिपरी म्हणाली.

"तो? तो तर मी कधीच काढून टाकला. आवडला नाही मला."

"तुम्ही आयकॉन काढला होतात. प्रोग्रॅम इथेच होता. मीही चुकले, चालू असतानाच काढला." तिने सगळं सांगितलं. साउंडकाका ऐकता ऐकता खाली बघू लागले. मावशीने मध्येच पुढे होऊन तिघांना जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

संचालिकाबाईंना दिसत नव्हतं. त्या काठी टेकून शांतपणे ऐकत होत्या. "दाराला आतून मूठ आजच बसेल," त्या म्हणाल्या. "कुरकुरली तरी चालेल. मुलांनो, तुमच्यावर उगाच आळ आला, त्याबद्दल मी माफी मागते. अडकलेलं असताना डोकं चालवणं मोठ्यांनाही जमत नाही. तुम्ही बाहेर पडलात आणि मागे येणाऱ्याचाही विचार केलात." मग त्या किंचित हसल्या. "झिपरी, माझा संगणक मला पडदा वाचून दाखवतो. तोही हल्ली मध्येच गप्प होतो. त्यावरचेही बरेच प्रोग्रॅम साउंडकाकांनीच काढून टाकलेले आहेत. उद्या येशील का बघायला?"

साउंडकाकांचे कान लाल झाले. त्यांनी घसा खाकरला.

"मीही बसतो शेजारी," ते म्हणाले. "फक्त जरा सावकाश सांग."