तरवडापर्यंतची रेघ

"माती नुस्ती उचलून आणायची न्हाय, तारे. आधी हात जोडायचे, मग मुठीनं घ्यायची. आन् घट उठला की जिथली तिथं परत द्यायची."

आईला जाऊन पाच वर्षं झाली होती, पण घट बसायच्या दिवशी तिचा आवाज माझ्याआधी उठायचा. त्या पहाटेही तो ऐकतच मी चालले होते. अनवाणी. नवरात्रात मी पायात काही घालत नाही, आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय एरवीही पाण्याचा घोट घेत नाही.

अठ्ठ्याहत्तर साल. उस्मानाबाद शहराच्या टोकाला कातडी कमावायचा एक बंद कारखाना होता. बाहत्तरच्या दुष्काळात ढोरं मेली तेव्हा तिथं कातड्यांचे ढीग लागले. मग ढोरंच उरली नाहीत, आणि कारखान्याला कुलूप लागलं. ती जागा आता आमच्या गृहनिर्माण संस्थेनं घेतली होती. चाळीस घरं व्हायची होती. माझे वडील, तात्याराव, संस्थेचे सेक्रेटरी. आमचा प्लॉट पश्चिमेला, जुन्या हौदांजवळ. मी भाड्याच्या खोलीत वाढलेली… यंदा घटाला आपल्या मालकीची माती, एवढ्याच आनंदात मी हात जोडले आणि मूठ भरली.

"कुठल्या पिकासाठी नेताय?"

मी दचकले. हौदापलीकडं एक तरुण गुडघ्यांवर बसून जमिनीत गिरमिट फिरवत होता. कानावर पेन्सिल, आणि कपाळावर मातीचा पट्टा – भस्म लावावं तसा.

"देवीसाठी," मी म्हटलं.

"देवी काय पेरणार?"

"गहू, ज्वारी, करडई… तुमच्याकडं घट बसत नाही वाटतं?"

"बसतो की! मी मुरूम गावचा. आमची अव्वा, म्हणजे आई, चार दिवस आधीच माती चाळून ठेवती." तो उठला. "मी विरुपाक्ष. सरकारकडून माती तपासायला आलोय. इथली नका नेऊ. ह्या हौदांतलं कातडी कमावायचं मीठ आन् क्रोम वर्षानुवर्षं खाली मुरलंय. पूर्वेची न्या, त्या तरवडाजवळची."

"आमचा प्लॉट हा आहे. देवीला दुसऱ्याची माती कशी देऊ?"

त्यानं जरा विचार केला. मग लांब ढांगा टाकत तरवडाच्या झुडपाशी गेला, कागदाच्या पुडीत मूठभर माती घेऊन आला. "हीबी ठेवा शेजारी. आपल्या मातीला सोबतीण."

माती घेण्याआधी त्यानं हात जोडले होते. मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी माळेसाठी तरवडाची फुलं तोडायला गेले, तर फाटकापासून झुडपापर्यंत फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा मारलेल्या. मधे पायवाट.

"हे कशाला?"

"आतून चाललात तर पाय भाजायचे न्हाईत. काल तुमची टाच लाल झाली होती."

माझ्या पायांकडं कुणी असं पाहिलं नव्हतं… मी पदर सावरला. "आणि पाय बाहेर पडला तर?"

"तर मला उद्याबी यावं लागंल. रेघ पुसती ना."

तिसऱ्या माळेला मी मुद्दामच रेघेवरून टाच ओढली. देवी क्षमा करो. चौथ्या माळेला रेघ नवी होती, आणि झुडपाखाली ओंजळभर फुलं आधीच तोडून ठेवलेली.

"ह्याच तरवडाच्या सालीनं कातडं कमावतात," तो म्हणाला. "आन् ह्याच्याच फुलांची माळ."

"तुम्ही कशाला तोडलीत? काम सोडून?"

"काम करूनच तोडली. पहाटे आलो." मग मान खाली घालून, "कितव्या माळेपर्यंत येता तुम्ही?"

"नवव्या."

"लई थोड्या माळा केल्यात देवीनं…" तो पुटपुटला, आणि गिरमिट उगाचच जोरात फिरवू लागला.

पाचव्या माळेला आमचा घट जळला. बोटभर आलेले कोंब पिवळे पडून आडवे झाले. शेजारच्या वाटीत, त्याच्या मुठीच्या मातीत, मात्र हिरवंगार.

जाईबाई आत्यानं कपाळाला हात लावला. "काय चुकलं गं तुझं? त्या वाटीतलं चार कोंब खोव हितं. कुणाला कळतंय!"

"आत्या, देवीला कळतंय."

"आन् जळक्या घटाच्या पोरीला मागणी कोण घालंल?"

 मी देवीसमोर बसून रडले. नेम कधी मोडला नव्हता. तिनं मला नाही म्हटलं होतं का?

सातव्या माळेला संध्याकाळी संस्थेची सभा भरली. चेअरमन गुंडाप्पांनी सांगितलं, "तपासणीचा पक्का कागद यायला दोन महिने लागणार. कुदळ दसऱ्यालाच पडंल." विरुपाक्ष उभा राहून आकडे सांगू लागला. त्या जागेतल्या विहिरीचं पाणी लेकरांना पाजू नका म्हणाला.

"हातात कागद न्हाय, आन् आमाला थांबवतो!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. त्याचा चेहरा एवढासा झाला. घट लपवला तर माझी लाज राहत होती…

मी उठले. माझा आवाज मुळात बारीक. "आमचा घट जळलाय."

 तात्यांनी चष्मा काढला.

"पश्चिमेच्या मातीचा आहे. शेजारी पूर्वेच्या मातीचा हिरवा आहे. घट हलवता येत नाही. तुम्हीच आमच्या घरी चला."

आणि चाळीस माणसं आली! चपलांचा ढीग दाराबाहेर. एकेक जण वाकून बघायचा, मग वाटीकडं बघायचा आणि बाहेर पडायचा. गुंडाप्पा सगळ्यात शेवटी उठले. "ह्या जमिनीवर लेकरं खेळली असती," ते म्हणाले. "कुदळ थांबवा."

दाराशी विरुपाक्ष उभा होता. "देवी रागावलेली न्हाय," तो हलकेच म्हणाला. "तिनं तर आधी सांगितलं. मला अजून दोन महिने लागले असते."

दसऱ्याला मी घटाची माती परत द्यायला गेले. तो फाटकाशी थांबलेला.

"माझी बदली उमरग्याला झाली. जायच्या आधी… तात्यारावांना भेटू का? तुमच्यासाठी?"

वारा तरवडात शिरला. चार पिवळ्या पाकळ्या रेघेवर पडल्या.

"जळक्या घटावर मी होय म्हणणार नाही," मी म्हटलं. "ह्याच मातीत घट हिरवा होऊ दे. त्या दिवशी मी स्वतः घेऊन येईन. माझ्या हातानं."

"लई पावसाळे लागतील, तारामती."

त्यानं पहिल्यांदा नाव घेतलं. 

पश्चिमेची वरची माती खरवडून हौदांत पुरली, हौद सिमेंटनं बंद केले. विहिरीवर फरशी बसली. बैलगाड्यांनी तलावातला गाळ आणून पसरला. पूर्वेला घरं उठली, आमचा प्लॉट मात्र मोकळाच राहिला. खालचं मीठ उन्हाळ्यात परत वर यायचं.

दर नवरात्रात उमरग्याहून एक कार्ड यायचं. त्यावर एकच शब्द. "यंदा?"

मी लिहायची, "अजून नाही." पहिल्या वर्षी चार कोंब. दुसऱ्या वर्षी वीतभर, पण पिवळे. तिसऱ्या वर्षी कार्डावर आणखी एक ओळ होती – "अव्वा आता थांबायची नाही म्हणते. यंदा?"

त्या कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही.

दसऱ्याला पहाटे घट उठवला. कोंब हिरवेगार आणि एवढे दाट, की मडकं दिसत नव्हतं. माती आधी प्लॉटवर जाऊन परत दिली, हात जोडले. मग थोडे कोंब ओल्या फडक्यात गुंडाळले आणि नऊ दिवसांनी पायात चपला घातल्या.

तात्या ओसरीवर बसले होते. "एवढ्या सकाळी कुठं?"

"सीमोल्लंघनाला."

ते माझ्या हातातल्या फडक्याकडं बघत राहिले. मग त्यातला एक कोंब काढून त्यांनी आपल्या टोपीत खोवला.

"उमरग्याची गाडी सातला हाय," ते म्हणाले. "घटातले अजून थोडे घे. त्याच्या अव्वालाबी लागतील."

मी आणखी मूठभर कोंब घेतले, पदराखाली धरले, आणि स्टँडच्या वाटेला लागले.