खरा ठरणारा अंदाज

ऋतुवेध केंद्राच्या दारात सकाळी कुणीतरी कडब्याची पेंढी ठेवून गेलं होतं. सोबत चिठ्ठी होती: 'शास्त्रज्ञांच्या न्याहारीसाठी.' डॉ. वैजयंता बाबरने ती पेंढी स्वतः उचलून आत आणली. टोमणा झोंबला, पण तो चुकीचा कुठे होता? तिळवणी खोऱ्यात यंदा भरपूर वळीव पडेल असं तिच्या केंद्राने सांगितलं होतं, आणि थेंबही पडला नव्हता. त्याच खोऱ्यात तिची थोरली बहीण गायी सांभाळून होती. वैरणीपायी तिचे हाल चालले होते.

"गंमत बघा," गणिताची बाजू पाहणारे डॉ. मुलाणी म्हणाले, "लोक आपल्याला हसायचे तेव्हा आपले अंदाज बरोबर यायचे. लोकांचा विश्वास बसला आणि सगळं बिनसलं."

"त्याचा काय संबंध?"

"मॅडम, तिथला वळीव त्या खोऱ्याच्याच ओलीवर पोसतो. कालव्याचं पाणी उन्हाळी मक्याला मिळतं, मका ती ओल हवेत सोडतो, आणि दुपारच्या उन्हात तिचेच ढग होतात. आपण 'चांगला वळीव' म्हटलं की लोक पावसावर विसंबून कालवा बंद ठेवतात. ओल नाही, मग ढग कुठून येणार? 'कमी वळीव' म्हटलं की घाबरून कालवा सोडतात, मका पेरतात, आणि पाऊस झोडपून काढतो."

वैजयंताने पेंढी कोपऱ्यात सारली. मग म्हणाली, "तर मग माणसांनाही गणितात घेऊ."

असा 'प्रतिसादी अंदाज' जन्माला आला. अंदाज ऐकून लोक काय करतील आणि त्याने आभाळात काय बदलेल, हेही संगणक आधीच मांडणार होता. वैजयंताने त्याला आज्ञा दिली: जाहीर केल्यावरही जो खरा ठरेल, तोच अंदाज दे.

संगणकाने शक्य ते सगळे अंदाज जाहीर करून पाहिले, अर्थात आपल्या पोटातच. एकेक गळत गेला आणि शेवटी एकच टिकला: येत्या उन्हाळ्यात तिळवणी खोऱ्यात वळीव अजिबात नाही.

मुलाणींच्या कपाळावर आठी पडली. हवेची लक्षणं तर बरी होती. पण वैजयंताला आता हसं नको होतं, खात्री हवी होती. अंदाज जाहीर झाला आणि आक्काचा फोन आला.

"वैजू, गाया ठिवू का इकू? एकदाच काय ते सांग बाई."

"विकून टाक, आक्का. या खेपेला चूक नाही."

"कपिलीसुदिक?"

कपिली गाय वैजयंताच्याच हातावर वाढलेली. "तीसुद्धा," ती म्हणाली.

खोऱ्यातल्या सगळ्यांनी तेच केलं. 'कमी' ऐकून लोक धडपडायचे, 'अजिबात नाही' ऐकून त्यांनी आशाच सोडली. जनावरं गेली, मग मका कुणासाठी पेरायचा? कालव्याचं पाणी पिण्यापुरतं राखून ठेवलं. आक्कासारखी कितीतरी माणसं घराला कुलूप लावून शहरात भाड्याच्या खोल्यांत गेली. उन्हाळा आला, रानं फुफाट्यासारखी तापली, आणि वळीव खरोखरच फिरकला नाही. केंद्राचा सत्कार झाला. वैजयंताच्या गळ्यात हार पडला.

हार उतरवून ती प्रयोगशाळेत आली, तर मुलाणी पडद्यासमोर खिळून बसले होते.

"मी त्याला एक साधा प्रश्न विचारला, मॅडम. आपण काहीच जाहीर केलं नसतं तर?"

पडद्यावर उत्तर होतं: नेहमीसारखी पेरणी. चांगला वळीव.

"आपण त्याच्याकडे खरा अंदाज मागितलाच नव्हता," मुलाणी हळूच म्हणाले. "खरा ठरणारा मागितला. त्याने तो शोधून दिला."

आपणच आपल्या बहिणीचा गोठा रिकामा केला, हे वैजयंताला लख्ख दिसलं. घाईघाईने ती म्हणाली, "मग पुढच्या उन्हाळ्यात गप्प बसू. काहीच जाहीर करायचं नाही."

"तेही विचारून पाहिलं." मुलाणींनी चष्मा काढला. "पेरायला तिथं आता कुणी उरलं नाही. आपण बोललो काय, न बोललो काय, उत्तर तेच येतं: वळीव नाही."

तेवढ्यात फोन वाजला. आक्का होती. शहरातल्या खोलीतून तिचा आवाज अभिमानाने भरून येत होता.

"टीव्हीवर बघितलं गं तुला! चाळीत समद्यांस्नी सांगितलं, माझ्या वैजूचा शबुद खोटा पडत न्हाई. आता सांग, पुढल्या सालाला वळीव हाय न्हवं? मग जाती मी माघारी."