खो-खोच्या मैदानावरचे आठ खड्डे

"मॅडम, घात झाला! आमचं मैदान कुणीतरी खणून टाकलं."

फोनवर अण्णाराव होते, उदगीरच्या किल्ल्यामागच्या कॉलेजचे संस्थाचालक. रेणुका सोनकांबळे तेव्हा गाडीत होती. नांदेड सुटून मुखेडही मागं पडलं होतं. आणि ती निघाली होती नेमकं तेच मैदान तपासायला. आता बोला!

"कधी खणलं?"

"आज पहाटं. आन खणणारा बी सापडलाय. आमचा वॉचमन मलप्पा. त्याचीच कुदळ पडलीय तिथं. ठाण्यात बसवलाय त्याला."

रेणुकानं फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

ती नांदेडच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक. उमेदीच्या वयात खो-खो गाजवलेली बाई. लातूरकडच्या कॉलेजांचं पूर्वी आपलं एक मंडळ होतं; एकमेकांच्या मैदानावर जायचं, खेळायचं, दिवेलागणीला घरी परत. पण नांदेडच्या गोदावरी लीगला बियाणं कंपनीची जाहिरात मिळाली, पोरांची कबड्डी टीव्हीवर दिसू लागली, आणि लातूरची दोन बडी कॉलेजं मंडळाला रामराम ठोकून लीगमध्ये जाऊन बसली. मागं राहिलेल्या लहान कॉलेजांचे हाल कुत्रं खाईना. उदगीर त्यांतलंच एक.

लीगमध्ये आता एकच जागा शिल्लक होती. मागणारे दोघं: उदगीर आणि देगलूर. रेणुकानं लीगच्या बैठकीत भांडून उदगीरचं नाव पुढं रेटलं होतं, तेही उदगीरच्या पोरींच्या खो-खो टीमसाठी. ह्या जागेवाचून पुढच्या वर्षी त्यांच्याशी खेळायला कुणी उरणार नव्हतं. आणि नियम असा, की कबड्डीचं आणि खो-खोचं, दोन्ही मैदानं धड असतील तरच प्रवेश. तपासणी आजची, आणि लीगनं ती रेणुकावरच सोपवलेली.

मैदानाच्या कडेला अण्णाराव उभेच होते. शेजारी कोच भागवत सर, खाली मान घालून. फाटकावर भलंमोठं बॅनर: 'गोदावरी लीगमध्ये स्वागत'. त्यावर कबड्डीची पोरं दंड फुगवून उभी होती.

रेणुकानं कडेला चपला काढल्या, वाकून माती कपाळाला लावली आणि आत पाऊल टाकलं. मग तिचं तिलाच हसू आलं. खणलेल्या मैदानाला कसला नमस्कार! पण हात सवयीनं गेला होता.

तिथंच ती थबकली. आदल्या दिवशी पाणी मारलेली माती अजून ओली होती. आत पावलं उमटली होती, सगळी अनवाणी. बाहेर, आखलेल्या रेषेला लागून, चपलांचे ठसे होते. जोडीनं काढून ठेवलेल्या चपला असाव्यात तसे, एकमेकांशेजारी.

"अण्णाराव, सकाळपासून आत कोण कोण गेलं?"

"कुणीच न्हाई. मी सोडलंच न्हाई कुणाला. लांबूनच कुदळ दिसली, मग आत कशाला जायचं?"

मैदानाच्या मधोमध खेळाडू बसतात त्या पट्ट्यात आठ खड्डे होते. बाकीच्या मैदानाला कुणी बोटही लावलं नव्हतं. पहिल्या खड्ड्याची माती उगवतीकडं ओढलेली, दुसऱ्याची मावळतीकडं, तिसऱ्याची पुन्हा उगवतीकडं. शेवटपर्यंत तसंच. दोन्ही टोकांचे खांब उपटले होते, पण फेकले नव्हते. गोणपाटावर नीट आडवे ठेवले होते. कुदळ एका खांबापाशी होती.

"देगलूरचे शिवमूर्ती सर काल हितंच फिरत होते," अण्णाराव म्हणाले. "चांगले बूट घालून. मला तर वाटतं, मलप्पाला पैसे त्यांनीच चारले."

रेणुकानं तिथूनच शिवमूर्तींना फोन लावला. देगलूरच्या कॉलेजचे हे क्रीडा संचालक, त्या एका जागेचे दुसरे दावेदार.

"सर, काल उदगीरला कशाला आला होता?"

"मैदान बघाया. आमच्यापेक्षा चांगलं हाय का, ते."

"आहे का?"

"हाय की! झोप लागली न्हाई मला. पण खणायचं? छे हो मॅडम, रात्रीच नांदेडला आलोय मी, लीगच्या अध्यक्षांकडं. हे बगा, समोरच बसलेत. देऊ का फोन?"

अध्यक्ष खरोखर फोनवर आले. शिवमूर्तींचा विषय तिथंच मिटला.

ऑफिसात चहा आला. भिंतीला टेकून टीमच्या पोरी ओळीनं उभ्या होत्या. एवढं घडलं, पण एकीच्याही डोळ्यांत पाणी नाही. रेणुकानं कप्तान दीपमालाच्या हातात चहाचा कप दिला. तिनं तो नुसत्या बोटांच्या टोकांनी धरला, तळहात लागू न देता. बाकीच्यांचे हात ओढणीखाली होते.

"खर्चाचं म्हणाल तर सगळं बसवलंय बगा," अण्णाराव सांगत होते. "नव्या मेंबराला पहिली तीन वरसं जाहिरातीत हिस्सा न्हाई, येण्याजाण्याचा आन मुक्कामाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. मान्य! नांदेडला जायला हंगामभर जीप सांगून ठेवलीय. एकच, पण नवीकोरी."

"बरं," रेणुका म्हणाली. "भागवत सर, कॉलेजात कुदळी-फावडी आणखी कुठं असतात?"

"एनएसएसच्या खोलीत. श्रमदानाची," भागवत सर पुटपुटले. "किल्ली मलप्पाकडं असती."

ती खोली उघडून पाहिली. फावडी भिंतीला लावून ठेवलेली, स्वच्छ धुतलेली. खालची फरशी अजून ओली होती. श्रमदानाचं शिबिर तर दिवाळीतच संपलेलं.

मग ती ठाण्यात गेली. बाकावर मलप्पा बसला होता. कर्नाटकातल्या गावाहून येऊन उदगीरात म्हातारा झालेला माणूस. पायांत जाड वहाणा.

"मलप्पा मामा, मैदान कुणी खणलं?"

"मीच खणलो."

"कशाला?"

"मालक पगार वाढवत न्हाई. राग आला."

"खड्डे किती खणले?"

मलप्पा गडबडला. "असतील की. धा-बारा."

"माती कुणीकडं टाकली?"

"टाकलो एका बाजूला."

"आणि वहाणा कुठं काढल्या?"

"वहाणा? कामून काढू? काटा न्हाई का मोडत?"

सरळ सरळ खोटं बोलत होता म्हातारा, आणि तेही स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घ्यायला. असा माणूस खोटं बोलतो ते कुणासाठी तरी. पोरींच्या हॉस्टेलच्या फाटकावर बसून त्याची उमर गेली होती.

कोडं सुटलं होतं, आणि ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं.

ती परतली तेव्हा अण्णाराव ठाण्याकडं निघायच्या तयारीत होते.

"जातो मॅडम. केस नोंदवूनच टाकतो. म्हाताऱ्यानं कबूल केलंय म्हणं."

"थांबा," ती म्हणाली. "ते मलप्पाचं काम नाही."

"मग कुणाचं?"

पोरी भिंतीपाशी तशाच उभ्या होत्या. रेणुकाला वाटलं, आता काहीतरी व्हावं, छत पडावं, फोन वाजावा. काहीच झालं नाही. गप्प बसावं तर निरपराध म्हातारा आत जाणार होता.

"आधी पावलं बघा," तिनं सुरुवात केली. "खणणाऱ्यांनी चपला रेषेबाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले. वैरी असं करत नाही. मैदानाची नासधूस करायला आलेला माणूस मैदानाचा मान कशाला राखेल? सवय असणाराच राखतो. मघाशी माझ्याही चपला आपोआप निघाल्या. मलप्पाला तर वहाणा काढायच्या असतात हेच ठाऊक नाही."

"बरं मग?"

"दुसरं, खड्डे. एकटा माणूस खणत गेला तर एका बाजूनं खणत जातो, माती एकीकडंच पडते. इथं एक ढीग उगवतीला, दुसरा मावळतीला. खो-खोत आठ जणी चौकोनात बसतात तेव्हा तोंडं कशी असतात, भागवत सर?"

भागवत सरांचा आवाज जेमतेम निघाला. "आलटून पालटून. एकीचं इकडं, दुसरीचं तिकडं."

"आठ जणींनी खणलंय हे. प्रत्येकीनं आपापली जागा खणली, आणि रोज जिकडं तोंड करून बसते तिकडंच तोंड करून खणली. दुसरीकडं वळायचं सुचलंच नाही. एनएसएसची फावडी वापरली, धुतली, पुन्हा लावून ठेवली. कुदळ मलप्पाची घेतली, ती खांब काढायला. ती तेवढी तिथंच राहिली. आणि ह्या पोरींना आज चहाचा कपसुद्धा धरवत नाही, अण्णाराव. तळहात फोडांनी भरलेत."

अण्णाराव पोरींकडं वळले.

"पण कामून?" ते ओरडले. "त्यांच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

"त्यांच्यासाठी? नांदेडला जायला जीप किती सांगितल्यात?"

"एक."

"टीम किती आहेत?"

"दोन."

"मी सांगितलं पोरींना," भागवत सर एकदम बोलले. "गेल्या आठवड्यात. जीप एकच, ती कबड्डीच्या पोरांची. टीव्हीवर तेच दिसतात. लीगमध्ये गेलो की पोरींची टीम बंद. मला सांगायला जड गेलं हो, पण लपवून तरी कुठवर ठेवू?"

दीपमाला पुढं झाली. बारीक अंगाची, काळीसावळी पोर.

"खांब मी काढले, मॅडम. मी नववी. मला चौकोन न्हाई, मी पळते." तिनं तळहात उघडून दाखवले. "मैदान नापास झालं की लीग न्हाई, आन लीग न्हाई तर टीम राहती, असं वाटलं. मामाला आमी काई सांगितलं नव्हतं. त्यानं बघितलं, किल्ली दिली आन तोंड फिरवून बसला. खेळ हाय म्हणून घरच्यांनी कॉलेजला धाडलंय आमाला. फी माफ हाय, हॉस्टेल हाय. खेळ गेला की आमचं काय उरतं?"

रेणुकाला तिच्याकडं बघवेना. नव्या मेंबराला हिस्सा नको, जुन्यांचं कमी व्हायला नको, ही अट लीगच्या बैठकीत मंजूर झाली तेव्हा वर गेलेल्या हातांत एक हात तिचाही होता. तेवढं कबूल केलं तर उदगीर आत येईल, पोरी खेळतील, असा तिचा साधा हिशेब होता. आणि त्या हिशेबात पोरीच बाहेर पडल्या होत्या.

"मी मैदान नापास करते," ती पुढचा विचार न करता म्हणाली.

"करा," अण्णाराव खुर्चीत बसले. त्यांच्या आवाजातला जोरही गेला होता. "जागा देगलूरला जाईल. मग ह्या पोरी कुणाबरोबर खेळणार, सांगा की? लातूरवाले गेले. मंडळात आमी आन अजून एक कॉलेज. ते बी यंदा टीम काढत न्हाई म्हणालं. मला का पोरींशी वैर हाय, मॅडम? लीगमध्ये नाव न्हाई म्हणून ॲडमिशन घटून राहिल्या. दुसरी जीप मला परवडत असती तर मी खामखा शिव्या खाल्ल्या असत्या का?"

दीपमालानं रेणुकाकडं पाहिलं. "खरं हाय का, मॅडम? मंडळात कुणीच न्हाई उरलं?"

खोटं बोलावं असं रेणुकाला फार वाटलं. "खरं आहे," ती म्हणाली.

पोरींपैकी एकीला तेव्हा रडू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"लीग पोरींसाठी काही करेल का?" भागवत सरांनी विचारलं.

रेणुकानं अध्यक्षांना फोन लावला, सगळ्यांसमोर. नव्या कॉलेजच्या पोरींचा प्रवासखर्च तरी लीगनं उचलावा, म्हणून हात जोडले. पलीकडून उत्तर आलं ते गोडच होतं. भावना समजतात मॅडम, पण एकाला दिलं की सगळे मागतील, पुढच्या वर्षी बघू.

अण्णारावांनी तपासणीचा कागद तिच्याकडं सरकवला.

"सांजंपर्यंत खड्डे बुजवतो, रोलर फिरवतो. तुमी पास लिहा. मी तक्रार मागं घेतो, मलप्पाला घेऊन येतो. पोरींची नावं ह्या खोलीबाहेर जाणार न्हाईत. पण जागा गेली तर का गेली, हे मला संस्थेच्या लोकांना सांगावंच लागंल. कुणी खणलं ते बी. मग पोलीस आन त्या पोरी. माझ्या हातात न्हाई राहणार ते."

ही धमकी म्हणावी तर म्हणणारा माणूस स्वतःच घायकुतीला आलेला. रेणुकानं पेन काढलं आणि नुसतंच धरून बसली. पास लिहिलं तर टीम गेली. नापास लिहिलं तरी टीम गेली, वर पोरी ठाण्यात.

"लिवा मॅडम," दीपमाला म्हणाली. "मामाचं जेवण झालं नसंल."

रेणुकानं 'पास' लिहिलं. सही केली.

दुपार कलली तेव्हा मलप्पा परत आला. कुणाशीही न बोलता आपल्या स्टुलावर जाऊन बसला. पोरी त्याच्याभोवती गोळा झाल्या. त्यानं एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानडीत काहीतरी पुटपुटला. ते कुणाला कळलं नाही.

रेणुका गाडीत बसत होती तेव्हा दीपमाला दारापाशी आली.

"तुमी आमच्यासाठी भांडला होता, सरांनी सांगितलं. राग मानू नका आमचा."

"तुझा कसला राग गं?" रेणुका म्हणाली. "माझंच चुकलं. तू पुढच्या वर्षी कॉलेजला येणार ना? ते शेवटचंच वर्ष असेल तुझं. फीचं मी बघेन."

दीपमाला थोडं हसली.

"आबा म्हणाले होते, खेळ हाय तवर शीक. स्थळ तर दसऱ्यापासून येऊन राहिलंय, मॅडम. मीच म्हणत होते, आमची मॅच हाय."

तिनं गाडीचं दार हळूच लावून दिलं.