आता यायची गरज नाही

मुलांच्या थेरपी सेंटरच्या खिडकीची काच फुटली, म्हणून काचवाला आला. खरं तर एवढंच निमित्त. झोपाळ्यावर बसलेल्या एका मुलाने चेंडू भिरकावला, तो तावदानातून थेट रस्त्यावर, आणि तिने फोन करून कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस बोलावून घेतला. तो आला तेव्हा बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. केस ओले, काखेत कागदात गुंडाळलेली काच आणि हातात हातोडी.

हातोडी बघूनच ती उठली. तिच्या समोरच्या गादीवर एक मूल बऱ्याच खटपटीनंतर आत्ता कुठे शांत पडलं होतं.

"इथे ठोकायचं नाही," ती म्हणाली. आवाज दबका, पण ऐकणाऱ्याने जागीच थांबावं असा.

"मग काच बसायची कशी?" त्यानेही दबकूनच विचारलं.

"ते तुम्ही बघा."

तो हसला, तेही आवाज न करता. मग खिशातला रुमाल काढून त्याने हातोडीला गुंडाळला, पट्ट्या अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या आणि अर्ध्या तासाचं काम तासभर लावून केलं. काम संपलं तरी स्वारी जायचं नाव घेईना. हत्यारं पिशवीत भरायची, पुन्हा काढायची, पुन्हा भरायची... शेवटी तिनेच विचारलं, झालं ना?

"काचेचं झालं," तो म्हणाला. "पण अहो, ते... ते मूल मघाशी दार वाजलं तसं दोन्ही हात फेकून दचकलं ना? माझी भाचीही अगदी तशीच दचकते. सात वर्षांची आहे. आम्हाला वाटायचं, घाबरट आहे."

ही झाली त्यांची पहिली भेट. यात प्रेमबीम कुठेच नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

ती मुलांची थेरपिस्ट होती. म्हणजे नक्की काय करता, असं सगळेच विचारत, आणि तिचं उत्तर पाठ झालेलं होतं. तान्हं बाळ दचकलं की दोन्ही हात फाकवतं आणि मग छातीशी मिटून घेतं. ही जन्माबरोबर आलेली सवय काही महिन्यांत आपोआप मागे पडायला हवी. एखाद्या मुलाची पडत नाही. मूल मोठं होतं, शाळेत जातं, पण अंग मात्र सदा पहाऱ्यावर. बाक सरकला तरी काळजात धस्स. अशा मुलाला रागावून काय उपयोग? त्याच्या अंगालाच हळूहळू पटवावं लागतं, की बाबा रे, सगळं ठीक आहे. कुणी म्हणतं याने खूप फरक पडतो, कुणी म्हणतं थोडा. ती स्वतः कुणालाच छातीठोकपणे काही सांगत नसे.

तर पुढच्या गुरुवारी भाची आली. नाव काहीही असो, मामा तिला भिंगरी म्हणायचा आणि ते नाव तिला चपखल बसलं होतं. एका जागी म्हणून ती टिकायची नाही. तिची आई, म्हणजे काचवाल्याची धाकटी बहीण, इस्पितळात पाळ्यांवर काम करायची. मायलेकी त्याच्याकडेच, दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यामुळे भिंगरीला घेऊन यायचं काम मामाकडे.

भिंगरीला गादीवर उताणं झोपवून ती 'फूल' करायला शिकवायची. श्वास घेत हातपाय हळू उघडायचे, सोडत सोडत मिटून घ्यायचे. पहिल्या दिवशी ते फूल असं फटकन उघडलं की शेजारची उशीच उडाली. मग कधी जाड पांघरुणात गुंडाळून घेणं, कधी खांदे दाबणं, कधी संथ झोका. आणि प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी सांगायचं, आता मी तुझ्या पाठीवर हात ठेवणार आहे हं.

मामा भिंतीशी उभा राहून बघायचा, आणि तिचं लक्ष त्याच्यावर जायचंच. जाणारच ना, कामच ते होतं. खांदे कानाला टेकलेले, श्वास वरच्या वर, कानाच्या पाळ्या लाल. तिने मनाशी पक्कं केलं की भाचीच्या काळजीने हा माणूस पार आखडून गेलाय. आणि मूल तर शांत व्हायला एकटं शिकत नाही, आधी शेजारच्या मोठ्या माणसाकडून शांतपणा उसना घेतं. तेव्हा तिने त्यालाही व्यायाम लावून दिला. आत येण्यापूर्वी पायऱ्यांवर बसायचं आणि लांब, सावकाश श्वास सोडायचे.

तो इमानेइतबारे करायचा. त्यानेच बसवलेल्या काचेतून तिला दिसायचं, डोळे मिटून बसलेला, छान सैल झालेला. आणि आत पाऊल टाकलं की पुन्हा खांदे कानाला. तिने डोस वाढवला. भिंत ढकला म्हणाली, दोन्ही तळव्यांनी, जोर लावून, त्याने अंग सैल होतं. मग काय, दर गुरुवारी हा दांडगा माणूस कॉरिडॉरमधली भिंत ढकलतोय आणि भिंगरी शेजारी उभी राहून ओरडतेय, मामा, हलली हलली! लोक बघायचे. त्याच्या कानाच्या पाळ्या आणखी लाल व्हायच्या.

इतकी वर्षं माणसांची शरीरं वाचण्यात गेलेली ही बाई, आणि तिला हे एक वाचता येऊ नये, याला काय म्हणावं.

दाराशी टेबलावर नावं नोंदवणाऱ्या मुलीच्या मात्र ते लगेच ध्यानात आलं. सेंटरमध्ये यच्चयावत माणसं थेरपिस्टला ताई म्हणायची. मुलं म्हणायची, त्यांचे आईबाप म्हणायचे, तिच्याहून वयाने दुप्पट असलेला वॉचमनही म्हणायचा. एकटा काचवाला काहीच म्हणायचा नाही. "अहो, ऐका ना..." अशी त्याची सुरुवात. टेबलावरच्या मुलीने एकदा अगदी भोळा चेहरा करून विचारलं, मामा तुम्हाला ताई का हो नाही म्हणत? ताईने कामाला लाग म्हणून तिला दटावलं. पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की सगळं सेंटर त्याला मामा म्हणतं आणि आपणही त्याला आजवर एकदाही मामा म्हटलेलं नाही.

घर म्हणजे दीड खोली. आई होती तोवर घर वाटायचं. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. परदेशातल्या भावाचा रविवारी फोन यायचा, जेवलीस का विचारायचा, ती हो म्हणायची. बस. दिवसभर ती मुलांना जवळ घ्यायची, गुंडाळायची, झुलवायची, त्यांच्या अंगातली भीती तळहाताने शोधून काढायची. संध्याकाळी कुलूप उघडलं की तिला स्पर्श करणारं काहीच नसायचं, नळाचं पाणी सोडलं तर. कधी कधी ती जाड पांघरूण अंगावर ओढून नुसती पडून राहायची. मुलांना लागू पडतं, आपल्याला का पडत नाही, असं मनात यायचं आणि मग झोप लागायची.

आणि भिंगरी सुधारत होती. फूल आता सावकाश उघडायचं, सावकाश मिटायचं. शाळेच्या घंटेला ती कान झाकत नाही, बाईंनी तिला खिडकीजवळची जागा दिलीय, हे मामाच हौसेने सांगायचा. खरं तर इथेच ताईने म्हणायला हवं होतं, शाबास, आता यायची गरज नाही. हे वाक्य म्हणजे तिच्या धंद्याचं सार्थक. किती मुलांच्या घरच्यांना ते तिने हसत हसत सांगितलं होतं. या वेळी ते जिभेवरच येईना.

ती विचारायची, घरी कसं आहे? तो घटकाभर काचेकडे बघायचा आणि म्हणायचा, घरी अजून दचकते हो. दार आपटलं की...

"मग अजून थोडे दिवस येत राहा," ती म्हणायची.

"हो ना. येतो." आणि दोघंही दुसरीकडे बघायची.

गादीवर तर काहीच सापडत नव्हतं. तिच्या हातांना केव्हाच कळून चुकलं होतं. पण घरच्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, असा नियमच आहे, असं ती स्वतःला बजावायची. आणखीही एक नियम होता. मूल येतंय तोवर त्याच्या घरच्यांशी दुसरं कसलंही नातं जोडायचं नाही. म्हणजे ज्या गुरुवारला ती जिवाच्या आकांताने धरून बसली होती, तोच गुरुवार मध्ये आडवा आला होता. यावरही तिने विचार करायचं टाळलं.

मग एका गुरुवारी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी हातून स्टीलचा मोठा ट्रे पडला. असा काही खणखणाट झाला, की ताई जागच्या जागी उडाली आणि मामाने भिंतच धरली. भिंगरीने मान वळवून दाराकडे पाहिलं. "काहीतरी पडलं," ती म्हणाली, आणि पुन्हा फूल करू लागली.

ताईचा जीव हरखला. तिने सहज विचारलं, घरी असा आवाज झाला तर गं?

"घरी पण नाही दचकत मी. कधीचीच नाही. मामालाच विचार."

मामाने नजर खिडकीच्या काचेकडे वळवली. ताई ट्रे बघायला म्हणून बाहेर आली, तर बाकावर एक बाई पेंगुळलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेली. ही बाई चारदा येऊन गेली होती आणि चारही वेळा ताईने तिला सांगितलं होतं, जागा झाली की कळवते. बाई उठून उभी राहिली. "ताई, झाली का हो जागा?"

तोंडात मारल्यासारखं झालं तिला.

ती आत आली. राग आला होता आणि नेमका कुणाचा आलाय ते तिला कळत होतं, म्हणून तो आणखीच वाढत होता. "तुम्ही मला खोटं सांगत होतात," ती म्हणाली. "बाहेर एक मूल वाट बघतंय."

त्याने मान खाली घातली. "चुकलं माझं. मी... मी त्या बाईंचीही माफी मागतो."

"आता यायची गरज नाही."

वाक्य निघालं, पण कसं! शाबासकीचं वाक्य, आणि तिने ते दार लावून घ्यावं तसं म्हटलं. त्याने भिंगरीच्या चपला शोधल्या, तिचा हात धरला आणि जाता जाता खरोखरच त्या बाईपुढे थांबून हात जोडले. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन तो गेला. आणि तिने घेऊ दिलं. तिलाही माहीत होतं, हे तिने सांगितलंच नाही.

त्या जागी पेंगुळलेली मुलगी येऊ लागली. ती गुणी होती, काम नीट चाललं होतं. पायऱ्या मोकळ्या असायच्या. गुरुवार इतर वारांसारखाच एक वार झाला. रविवारी भावाने विचारलं, जेवलीस का, आणि ती एकदम म्हणाली, नाही रे. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. आईसाठी रडली असं तिला आधी वाटलं. पण नुसतं आईसाठी नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या बाईंना, म्हणजे सेंटरच्या प्रमुखांना, स्वतःहून सांगून टाकलं की भिंगरीला मी गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवलं आणि जाणूनबुजून ठेवलं. मोठ्या बाई बऱ्याच बोलल्या. बोलण्यासारखंच होतं. तिने ऐकून घेतलं आणि सुटल्यावर ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाली. भीतीवरचे इतरांना सांगायचे सगळे उपाय तिला पाठ होते, त्यातला एकही तिने केला नाही.

दुकानभर आरसे टेकवून ठेवलेले. जिकडे बघावं तिकडे तीच. मधोमध टेबलावर वाकून तो काच कापत होता. तिला बघून त्याचा हात थांबला आणि खांदे सरळ कानाला जाऊन भिडले.

"भिंगरी बरी आहे," तो घाईघाईने म्हणाला.

"मी भिंगरीसाठी नाही आले." मग मात्र तिने एका दमात सांगून टाकलं. "मला माहीत होतं. तुमच्याही आधीपासून माहीत होतं. तुम्ही खोटं बोलत होतात आणि मला ते हवं होतं. त्या दिवशी सगळं तुमच्यावर टाकून मी मोकळी झाले. ते सांगायला आले."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग कटर बाजूला ठेवून म्हणाला, "अहो, तुमचा तो श्वासाचा व्यायाम... घरी लागू पडतो. दुकानात पडतो. पायऱ्यांवरसुद्धा पडायचा. फक्त तुमच्यासमोर पडत नाही. किती भिंती ढकलायला लावल्यात मला."

ती हसायला गेली आणि डोळेच भरून आले. पुढे व्हावं म्हणून पाऊल टाकलं, तर तो थांबा म्हणाला, खाली तुकडे आहेत. त्याने हात पुढे केला. तो धरून तिने तुकड्यांवरून पाय टाकला, पलीकडे आली, आणि तरी हात तसाच राहिला. त्याचा तळवा खरखरीत होता आणि चांगला ऊबदार.

"आई गेल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही," ती म्हणाली. "मुलं धरतात. पण ती पडू नयेत म्हणून धरतात."

त्याने धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग... सोडू?"

"नको."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दुकानात शिरलं. इकडच्या आरशात ती दोघं, तिकडच्या आरशात ती दोघं. बिचारं ओशाळून म्हणालं, नंतर येतो. आणि दोघांपैकी कुणीही त्याला थांबवलं नाही.