चौथ्या मजल्याची जाळी

देवूचं बोईसरला वेल्डिंगचं दुकान. तारापूरच्या कॉलनीपासून वाणगावपर्यंत किती खिडक्यांना त्याच्या हातचं ग्रिल बसलंय, त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. त्यामुळे पालघरच्या त्या सरकारी इमारतीचं काम आलं तेव्हा त्यात नवल असं काही नव्हतं. चौथ्या मजल्याच्या उघड्या गॅलरीला कठड्यापासून छतापर्यंत जाळी लावायची होती. एका दुपारी खिशात टेप टाकून तो मापं घ्यायला गेला.

इमारत तशी नवीच. मधे मोकळा चौक, भोवती गॅलऱ्या आणि कठडा जेमतेम कमरेपर्यंत. कागदावर छान दिसतो म्हणून कुणा शहाण्यानं तेवढाच ठेवला असेल, त्याचं तळपट होवो. त्यातून मनाच्या आजारांचा दवाखाना नेमका चौथ्या मजल्यावर! जी माणसं आधीच जिवावर उदार झालेली, त्यांना ताटकळत बसवायला बाकं, आणि ती बाकंही कठड्याला टेकून. वर्षभरात तिथून खाली झोकून देऊन काही माणसं गेली. शेवटची गेली ती डोंगराकडच्या पाड्यावरची एक तरुण मुलगी, मंगळी तिचं नाव. तेव्हा कुठे वरच्या साहेबांना जाग आली.

जाग आणली ती दवाखान्यातल्या तेजल मॅडमनी. बाकं त्यांनी स्वतः ओढून भिंतीकडे लावली, जिन्याशी खंडेराव नावाचा पहारेकरी बसवून घेतला आणि जाळीसाठी साहेबांच्या दारात ठिय्या दिला. देवूला त्या म्हणाल्या, "ज्याला जीव द्यावासा वाटतो ना, त्याला तो कायम द्यावासा वाटत नाही. लाट येते आणि ओसरते. तेवढ्या वेळात कशानं तरी अडवलं, तर माणूस मागे फिरतं. मला तेवढाच वेळ हवाय."

देवूनं मान हलवली. त्याला हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची बायको सपना याच दवाखान्याची पेशंट होती. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं, आणि तेव्हापासून ती बोलायची थांबली ती थांबलीच. दर गुरुवारी तो तिला वाणगावहून मोटरसायकलवर घेऊन यायचा. मॅडमच्या दारासमोर ती बसायची, पण तिची नजर त्या कठड्यावर असायची. ती नजर पाहिली की देवू तिच्या आणि कठड्याच्या मधे जाऊन उभा राहायचा. हे काम त्याला कुणी दिलं नसतं, तर त्यानं हातापाया पडून मागून घेतलं असतं.

काम झपाट्यानं चाललं. एकेक जाळी उभी राहायची, भिंतीत बोल्ट जायचे, वर वेल्डिंग व्हायचं. बुधवारी दुपारी कोपऱ्यातली शेवटची जाळी तेवढी राहिली होती. मंगळी गेली ती नेमकी त्याच कोपऱ्यातून. देवू ड्रिल लावणार, तोच जिन्यावर खंडेरावचा आवाज चढला.

एक म्हातारा वर आला होता. अंगात बंडी, हातात सूप. सुपात मूठभर तांदूळ, पणती आणि नारळ. मागे एक भगत, खाली मान घालून उभा.

"कोण तुम्ही, बाबा?" देवूनं विचारलं.

"जिवल्या. मंगळीचा बाप मी." म्हाताऱ्यानं कोपऱ्यातल्या त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "तिला न्यायला आलोय. हितं रायलीय ती."

देवू वाणगावचा, त्याला रीत ऐकून ठाऊक होती. घराबाहेर माणूस असं अवचित गेलं, की जीव तिथंच घोटाळत राहतो. मग घरच्यांनी तिथं जायचं आणि त्याला हाक मारून परत न्यायचं.

"हातात तांदूळ धरायचं," जिवल्या हळू आवाजात सांगत होता, जणू पोरगी झोपलीय आणि तिला उठवायचं नाही. "नाव घ्यायचं. घरी चल म्हणायचं. मंग चालायला लागायचं, उंबरा येईतो मागं बघायचं नाय. पण नाव घ्यायलाच पायजे. बिननावाची हाक मारली, तर ज्याला लागंल त्यो येतो."

"किती वेळ लागेल?"

"दिवा लावून बसायचं. ती कवा वळंल तवा. रात पन होईल."

देवूनं कोपऱ्याकडे पाहिलं. रात्र झाली तर जाळी आज बसणार नाही. उद्या गुरुवार. उद्या सपना समोरच्या बाकावर बसणार, आणि सगळ्या गॅलरीत तेवढी एकच जागा उघडी राहणार.

"आज नाही जमायचं, बाबा. पुढच्या आठवड्यात या. मी स्वतः उभा राहीन."

"आधी तिला नेऊ दे रे पोरा. मंग कर बंद. आत कोंडली तर ती कशी येल?"

"आज नाही," देवू म्हणाला. खंडेरावनं म्हाताऱ्याचा दंड धरला. म्हातारा भांडला नाही. सुपातला एकही दाणा सांडू न देता तो जिना उतरला. देवूला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्यानं ड्रिल सुरू केलं. दिवस कलायच्या आत जाळी बसली. वायर गुंडाळताना त्याला काकणं वाजल्यासारखं ऐकू आलं, काचेची काकणं लोखंडाला हळूच लागावीत तसं. कापलेल्या सळईचे तुकडे पायाशी पडले होते. तेच वाजले असतील, असं त्यानं मनाला सांगितलं.

गुरुवारी दवाखान्यात गर्दी उसळली होती. सपनाचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली. तिनं दुपारी डब्याला हात लावला नव्हता, भात तसाच राहिला होता. मॅडमकडून ती बाहेर आली, आणि तेवढ्यात वीज गेली. लिफ्ट बंद. गाडी फाटकाशी आणून ठेवावी म्हणून देवू तिला बाकावर बसवून खाली गेला. जाळी लागली होती, खंडेराव जिन्याशी होता, आता कशाला भ्यायचं?

भाताचा डबा त्याच्या हातात तसाच होता. गाडी लावून तो वर आला, तर बाक रिकामं.

तिन्हीसांजेचा मळकट उजेड गॅलरीत कसाबसा तग धरून होता. फिनेलचा वास, त्याखाली ताज्या रंगाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली ओल्या मातीचा वास. चौथ्या मजल्यावर माती कुठली? कोपऱ्यातून लोखंड करकरल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा यायचा.

सपना होती ती. जाळीच्या चौकटीत दोन्ही हातांची बोटं अडकवून, सगळा भार टाकून ती जाळी ढकलत होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती. दार अडकलं की माणूस जसं ढकलतं, तसंच.

जाळी हलली नाही. देवूनं मारलेला एकही बोल्ट हलला नाही.

हळूहळू तिचे हात सैल पडले. कपाळ जाळीला टेकलं आणि खांदे गदगदायला लागले. मूल गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. मॅडम म्हणाल्या होत्या ती लाट ओसरली होती. देवू तिला कवेत घ्यायला धावला, पण दोन पावलांवर थांबला. कारण जाळीत अडकलेले हात त्याला आता दिसत होते. सपनाच्या हातांशेजारी आणखी दोन हात होते. मनगटापर्यंतच, मागे अंधार. त्यांच्यात काकणं होती. मूल गेल्यापासून सपनानं हातात काकण घातलं नव्हतं.

तिचं नाव काही केल्या ओठांवर येईना.

"चल..." एवढंच निघालं. "चल... घरी चल."

आणि तो वळला. भ्यालेलं माणूस जसं वळतं तसा, मागे न बघता. डबा छातीशी धरून जिना उतरत राहिला. मागे सपनाच्या चपला वाजत होत्या, आणि त्यांच्या मागे अनवाणी पावलं.

फाटकाशी त्यानं गाडीला किक मारली. गाडीचा आरसा पूर्वीच वेल्डिंगची ठिणगी उडून तडकला होता, त्यात काही दिसायचं नाही, आणि दिसलं असतं तरी त्यानं पाहिलं नसतं. सपना मागे बसली, गाडी खाली दबली. मग गाडी आणखी एकदा दबली. रस्ताभर चढाला इंजिन कण्हत होतं, ट्रिपल सीट घेतल्यासारखं. वाणगावला दारात ब्रेक लावला, तेव्हा सीट दोनदा उचलली गेली.

त्या रात्री सपना पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं केस विंचरले. तिसऱ्या दिवशी अंगण सारवता सारवता ती काहीतरी पुटपुटली आणि हसली. काय म्हणालीस, असं देवूनं विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला नाही." शेजारणी म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंचं औषध लागू पडलं. देवूनंही तेच म्हटलं. मनात दुसरं काही आलं की तो ग्राइंडर लावायचा, म्हणजे काही ऐकू येत नाही.

पुढच्या आठवड्यात जिवल्या परत आला. तेजल मॅडमनीच त्याला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यालाही त्याचं दुःख कुठंतरी ठेवायला जागा हवी." कोपऱ्यातल्या जाळीशी पणती लावली. भगतानं तांदळाचे दाणे वाटीतल्या पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ बघत बसला. जिवल्या हाका मारत होता. "मंगळे... मंगळे, घरी चल गं बाय." देवू दिल्या शब्दाप्रमाणे शेजारी उभा होता.

शेवटी भगतानं पाण्यातून हात काढला.

"हितं नाय कोणी. नेलीय तिला."

"कोणी?" जिवल्यानं विचारलं. "आमच्यातलं कोण आलंच नाय."

"हाक मारली कोणीतरी. दाणा हुता हातात. मागं बघितलं नाय त्यानं."

जिवल्यानं भगताकडे पाहिलं, मग खंडेरावकडे, आणि मग त्याची नजर देवूवर येऊन थांबली. म्हाताऱ्याचे डोळे पाणावलेले होते, पण नजर साफ होती.

"पोरा... तुला काय म्हायती हाय का?"

देवूच्या डोळ्यांसमोर सकाळचं स्वयंपाकघर आलं. सपना भाकरी थापत होती, कुणाशी तरी बोलत होती, आणि तिच्या गालावर रंग होता. म्हाताऱ्याला घरी नेलं, त्यानं दारातून एक हाक मारली, तर तो रंग राहील का? ती पुन्हा त्या बाकावर बसून कठड्याकडे बघत राहील का? आपण तिला एकटं पाडायचं का? छे. त्याच्यानं ते व्हायचं नव्हतं.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "मला काही ठाऊक नाही."

जिवल्यानं रिकामं सूप काखेत मारलं. जिन्याच्या वळणावर तो थांबला, पण मागे वळला नाही. घराकडे निघालेल्या माणसानं मागे बघायचं नसतं ही सवय असावी, किंवा अजून त्याला वाटत असावं की मागून कुणी येतंय. देवू तिथंच उभा राहून पायऱ्यांवरचे त्याच्या पावलांचे आवाज विरेपर्यंत ऐकत राहिला. असलं पाप त्यानं जन्मात केलं नव्हतं.

त्यानंतर चौथ्या मजल्यावरून कुणी गेलं नाही. मॅडमनी खालच्या मजल्यांनाही जाळ्या लावून घेतल्या, त्याही देवूनंच लावल्या. जाळी धरून रडणाऱ्या माणसांना खंडेराव उठवत नाही, शेजारी स्टूल ओढून बसतो आणि मॅडमना हाक मारतो. काम चोख झालं, सगळे म्हणतात.

देवूचं घर बैठं आहे. कौलारू, अंगणातून सरळ आत. उंचावर जायला तिथं काही नाही, म्हणून तो निर्धास्त असायचा. तरी दिवेलागणीला खिडकीच्या ग्रिलवर काकणं किणकिणतात, आतल्या बाजूनं. सपना चुलीशी असते आणि तिचे हात पिठात असतात. याची त्याला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

परवा मात्र जेवताना तिनं ताटावरून मान वर केली. चेहरा प्रसन्न होता, किती दिवसांनी असा प्रसन्न.

"अहो, ऐका ना. घरावर एक मजला चढवू या."

"कशाला?" देवूनं विचारलं.

"मला नाही हो." ती शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघून हसली. "तिला उंचावर बरं वाटतं. म्हणते, तूही ये." मग तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "आणि गॅलरी उघडीच ठेवा. तिला तुमची जाळी आवडत नाही."