रेडिएटरमधलं पाणी

कुणी मला खोटारडी म्हटलं तरी राग नाही. मी स्वतः तिथे नसते, तर मीही हसले असते.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं सगळे म्हणतात. ही भर दुपारी घडली. ऊन डोक्यावर होतं. लांबपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं.

आणि तरीही...

मी माया. आष्ट्यात राहते. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. माझे मिस्टर राजवर्धन सैन्यात आहेत, त्यामुळे घर आणि गाडी दोन्ही माझ्याच अंगावर. गाडी जुनी आहे. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं ना, तसली. उन्हाळ्यात चुलीवर बसल्यासारखं होतं. पण तिची प्रत्येक कुरकुर मला ओळखू येते.

माझं माहेर जतच्याही पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीजवळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून त्या रस्त्याने ये-जा करतात.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. शाळेला सुट्टी लागली होती. सकाळीच आईचा फोन आला.

"माया, आबाला लय उलट्या-जुलाब व्हायल्यात गं. पोटात पानी टिकंना. हितला डॉक्टर म्हनतोय, मिरजेला न्या. तू गाडी घिऊन ये बाय."

"आये, ॲम्ब्युलन्स?"

"ती दुसऱ्या पेशंटला घिऊन गेलीया. कवा येनार, काय म्हाईत."

मी तशीच निघाले.

आबा म्हणजे माझे वडील, बिराप्पा. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. उन्हातान्हात मैलोन् मैल चालणारा. त्या दिवशी ते पटकुरावर पडले होते आणि मला ओळखू आले नाहीत. डोळे खोल गेलेले. ओठांना भेगा. हाताची कातडी चिमटीत धरली, तर ती तशीच उभी राहिली.

मागची सीट पाडून आम्ही त्यांना झोपवलं. आई त्यांच्या डोक्याशी बसली. तिच्याजवळ मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. गाडीसाठी मी पाण्याचा एक मोठा कॅन भरून घेतला. तिथे पाणी टँकरने येतं. शेजारणीने स्वतःच्या घागरीतलं ओतून दिलं.

मोठ्या रस्त्याला लवकर लागावं म्हणून मी माळावरचा रस्ता धरला. लहानपणापासून पाहिलेला रस्ता. दोन्हीकडे बोडका माळ, मधूनच एखादी बाभळ, लांब पवनचक्क्यांची रांग.

गाव मागे पडलं. आबा कण्हत होते. आई चमच्याने पाणी पाजत होती.

आणि टेंपरेचरचा काटा हलला.

आधी निम्म्यावर. मग निम्म्याच्या वर. मग लाल पट्टीला टेकला.

मी गाडी बाभळीखाली घेतली आणि बंद केली.

"काय झालं गं?"

"गाडी तापलीया आये. दोन मिन्टं थांब."

घाबरले नव्हते. जुनी गाडी उन्हात तापणारच. थोडा वेळ थांबले, ओलं फडकं झाकणावर टाकलं आणि रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवलं. वाफ उडेल म्हणून तोंड बाजूला केलं.

वाफ आलीच नाही.

आत वाकून पाहिलं. रेडिएटर कोरडा... ठणठणीत कोरडा.

सकाळी आष्ट्यातून निघताना मी स्वतः तो काठोकाठ भरला होता.

म्हणजे कुठेतरी गळती. मी गाडीखाली आडवी झाले. माती कोरडी. पाईपांवरून हात फिरवला. कुठे ओल नाही, चीर नाही. सीट उचलून इंजिनचं ऑईल बघितलं. इंजिनच्या आत पाणी शिरलं तर ऑईल चहासारखं दुधाळ होतं. ते काळंभोर होतं, जसं असायला हवं तसं. मागून पांढरा धूरही आला नव्हता.

मग पाणी गेलं कुठे?

विचार करायला वेळ नव्हता. मी कॅन तिरका करून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

आणि आवाज आला.

गटक्.

मी थांबले.

गटक्... गटक्...

पाईपात हवा अडकली की पाणी घेताना असा आवाज होतो. मी स्वतःला तेच सांगितलं. झाकण लावलं, गाडी चालू केली, काटा खाली आला.

पुढचा चढ चढेपर्यंत सगळं ठीक होतं. मग काटा पुन्हा लाल पट्टीला गेला.

पुन्हा थांबले. झाकण उघडलं...

रिकामा.

आत्ता भरलेलं पाणी. खाली थेंब नाही. वाफ नाही. मी फॅन बघितला, फिरत होता. पंपाचा पट्टा ओढून बघितला, घट्ट होता. जे जे मला येत होतं ते सगळं बघून झालं. बिघाड सापडला असता तर बरं वाटलं असतं. फाटलेला पाईप बांधता येतो. इथे बांधायला काही नव्हतंच.

फोन काढला. नेटवर्क नव्हतं.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली.

आवाजच नव्हते.

माळावर दुपारी पण काहीतरी वाजत असतं. होला घुमतो, टोळ किरकिरतात, लांब कुठेतरी मोटर चालू असते. इथे काहीच नाही. पवनचक्क्या फिरत होत्या आणि बाभळीचं पान हलत नव्हतं.

मागून आबांचा आवाज आला. सकाळपासून ते पहिल्यांदा बोलले.

"किती आल्यात गं?"

आईने विचारलं, "कोन आवं?"

"लय आल्यात..." आबांचे डोळे मिटलेले होते. "पानी कमी पडंल."

"तापात बडबडत्यात," आई मला म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

मी उरलेला सगळा कॅन रेडिएटरमध्ये ओतायला घेतला. या वेळी मी ओतताना कान लावला. लावायला नको होता.

गटक्... गटक्...

मग त्याच्या शेजारीच, दुसरा.

मग तिसरा.

मग मोजता येईनात. लपलप... लपलप... हवा अडकल्याचा आवाज एका जागेहून येतो. हा सगळीकडून येत होता. गाडीच्या नाकापासून, चाकापासून, माझ्या गुडघ्यांजवळून. खूप तहानलेले कुणीतरी, एकमेकांना ढकलत पीत होते.

माझ्या पायाला काहीच लागलं नाही. दिसलंही काही नाही.

मी बघत होते. पाण्याची पातळी रेडिएटरच्या तोंडाशी आली... आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली गेली.

कॅन रिकामा झाला.

मी तो फेकला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही दिशांना बघितलं. कुणीतरी यावं. मोटरसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी, काहीही. त्या रस्त्याला दिवसभर कुणी ना कुणी असतं. त्या वेळी कुणीच नव्हतं. मी ओरडले. माझाच आवाज मला लहान मुलीसारखा वाटला.

"माया!" आईने हाक मारली. "आबा बघ की गं!"

मी धावत गेले. आबांचा श्वास तुटक झाला होता. एक बाटली केव्हाच संपली होती. दुसरी आईच्या हातात होती, जवळजवळ भरलेली.

आई माझ्याकडे बघत होती. मी बाटलीकडे.

ते पाणी गाडीत घातलं तर कदाचित मोठ्या रस्त्याला लागलो असतो. आबांना दिलं तर गाडी इथेच. आणि गाडीत घातलं तरी ते गाडीत राहणार होतं का?

"आये, काय करू?"

"मला काय इच्यारतीस? मला गाडीतलं काय कळतंय?" आई रडायला लागली. "तुझा बाप हाय त्यो."

मी बाटली घेतली आणि आबांच्या ओठाला लावली.

इंजिन बंद होतं. पण फॅन चालावा म्हणून चावी मी अर्धी फिरवून ठेवली होती. त्यामुळे पुढचा काटा मला मागून दिसत होता. लाल पट्टीवर स्थिर.

पाणी आबांच्या तोंडात गेलं. ओठांवाटे बाहेर आलं नाही. पण त्यांचा घसा हलला नाही.

आवाज मात्र आला.

गटक्...

आबांच्या घशातून नाही. पुढून. गाडीच्या नाकातून.

तरी हात थांबला नाही. आणखी थोडं ओतलं.

गटक्...

काटा जरासा खाली आला.

"पोरी," आबा म्हणाले. तोंडात पाणी असताना माणसाला बोलता येत नाही. ते अगदी स्पष्ट बोलले. "पिऊ दे त्यास्नी."

आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. मी तो लहानपणी हजारदा ऐकला होता. मेंढरं पाण्यावर घालताना ते तसा आवाज काढायचे. घाबरू नका, या, प्या, असा त्याचा अर्थ.

मग त्या माळावर एकदम लपलप सुरू झाली. इतकी, की गाडी हलायला लागली. पत्रा थरथरत होता. मी बाटली मागे घ्यायला बघत होते, पण मला हात मागे घेता येईना. बाटली रिकामी होत गेली. आणि काटा खाली, खाली... अगदी तळाला.

मग शांत झालं.

एक होला घुमला. कुठेतरी मोटर सुरू झाली.

मी गाडी स्टार्ट केली. पहिल्या चावीत चालू झाली.

मिरजेपर्यंत काटा जागचा हलला नाही. मध्ये कवठेमहांकाळजवळ एका पंपावर मी थांबले, कारण मला राहवेना. इंजिन चालू होतं. रेडिएटरला हात लावायच्या आधी मी फडकं गुंडाळलं. गरजच नव्हती. तो गार होता. माठासारखा गार. झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ.

मी झाकण लावलं आणि गाडीत बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना बघितलं आणि माझ्यावरच चिडले.

"पेशंटला सकाळपासून पाणी दिलेलं नाही का तुम्ही?"

"दिलं डॉक्टर. आत्ता, येताना. भरलेली बाटली दिली."

त्यांनी आबांच्या तोंडात बॅटरी मारली. जीभ लाकडासारखी सुकलेली होती. त्यांनी माझ्याकडे खोटारडीकडे बघावं तसं बघितलं.

सलाईन लावलं. शीर सापडत नव्हती, तरी लावलं. दिवस मावळायच्या आत आबा गेले.

नंतर आमच्या आष्ट्याच्या मेकॅनिकने, लालासाहेबने, गाडी पूर्ण खोलली. रेडिएटर काढून बघितला, पाईप बदलले, इंजिनचं डोकं उघडलं. दोन दिवस तो गाडीखालीच होता. शेवटी हात पुसत बाहेर आला.

"वहिनी, कुठंच काय न्हाई. मी दुरुस्त करू तरी काय?"

त्याला मी काही सांगितलं नाही.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. पोट तिच्यावर आहे, विकून काय करू? ती आता तापत नाही. मुलांना सोडून आल्यावर मी कधीकधी इंजिन बंद करते आणि तशीच बसून राहते. कान देऊन. मग स्वतःचाच राग येतो आणि उतरते.

पण हे लिहायला बसले ते गाडीमुळे नाही.

आई आता माझ्याकडे आष्ट्यात असते. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो. मला वाटायचं, तिने काही ऐकलं नसेल. आबांच्या काळजीत होती. मागच्या महिन्यात ती भाकरी थापत होती आणि मी एकदम विचारून टाकलं.

"आये, त्या दिवशी माळावर... तुला पन आवाज आला व्हता का? पानी पिल्याचा?"

तिचा हात थांबला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिने उलटली नाही.

"न्हाई गं," ती म्हणाली. "आवाज न्हाई आला मला."

मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, माझ्याच डोक्यातलं असेल. ऊन होतं, भीती होती.

मग ती हळूच म्हणाली,

"तू खाली वाकून पानी वतत व्हतीस नव्हं... मला वरनं दिसत व्हतं."

"काय दिसत व्हतं, आये?"

तिने पदराने तोंड पुसलं. चुलीपुढून उठली आणि परसात निघून गेली.

तेव्हापासून मी तिला तीनचारदा विचारलं. ती दर वेळी उठून जाते.

आता मी विचारत नाही. ती एखाद्या दिवशी सांगेल, याचीच भीती वाटते.