न कापलेलं डिपॉझिट

दिवा जरा इकडे सरकवा आणि नीट बसा. मधे मधे "असं कसं" म्हणायचं नाही. असं कसं ते मलाही ठाऊक नाही.

दुपारची वेळ होती. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. त्या दिवशीच्या शेवटच्या शिकाऊ बाईंनी क्लच आणि ब्रेक एकदमच दाबून मला डॅशबोर्डवर आपटवलं होतं, तरी डोकं शांत होतं. कारण जुन्या घरमालकाने फोनवर सांगितलं होतं, "आज या, डिपॉझिट देऊन टाकतो."

हा मालक म्हणजे कसा माणूस, ते सांगते. तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, मनात गोंद. पैसा हाताला चिकटला की सुटायचाच नाही. घर सोडून पंधरा दिवस झाले होते. आधी म्हणाला, नवा भाडेकरू आला की देतो. मग बँक बंद. मग विजेचं बिल. मग त्याची पाठ धरली. पाठीचा आणि डिपॉझिटचा काय संबंध, विचारलं तर म्हणाला, "वाकता येत नाही ना, कपाट खालच्या खणात आहे."

इकडे आमचं घोडं अडलेलं. नवं घर बघून ठेवलं होतं, पण तिथल्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आज संध्याकाळपर्यंत डिपॉझिट आलं तर घर तुमचं, नाहीतर दुसरं कुटुंब तयार आहे. तोवर आम्ही दोघं नणंदेच्या हॉलमध्ये, चोवीस खोक्यांसकट. नणंद रोज गोड आवाजात विचारायची, "वहिनी, खोकी जरा हलवता का, टीव्ही दिसत नाही." आणि आमचा नवरा. त्याला काहीही विचारा, "देतील गं, कुठे जातायत." या माणसाचं निम्मं आयुष्य "देतील" मध्ये गेलंय आणि उरलेलं निम्मं माझं गेलंय.

तर मी पोचले. गोंद जिन्यात, आमच्या जुन्या दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता. दार उघडं होतं, पण तो बाहेरच. कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"द्या काका," मी हात पुढे केला.

"आधी घर रिकामं करून घेऊ."

"घर रिकामं करून पंधरा दिवस झाले."

"तसं नव्हे, ताई. आमच्याकडे एक पद्धत आहे. निघणाऱ्याने आतल्या खोलीत एकटं उभं राहायचं आणि हाक मारायची. राहिलेल्यांनी चला, म्हणून. सगळ्यांनी केलंय. त्याशिवाय मी पैसे देत नाही."

मला हसूच आलं. पैसे न देण्याची इतकी कारणं ऐकली होती, हे नवीन होतं. म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, करून टाकू, आपलं काय जातंय. आत गेले.

रिकामं घर तुम्ही पाहिलं असेल. आपलंच असतं आणि ओळख दाखवत नाही. चपलांचा आवाज उगाच मोठा येत होता. बंद घराचा कुबट वास होता, आणि त्या वासाखाली, कुणीतरी नुकतंच अंग पुसून टाकलेल्या ओल्या टॉवेलचा वास. नळ कोरडे होते. मी बघितलं.

आतल्या खोलीत उभी राहिले. एवढ्या पंधरा दिवसांचा राग होता, तो गोंदाला ऐकू जावा म्हणून मुद्दाम खणखणीत आवाजात म्हटलं, "कोण कोण राहिलंय इथे? चला सगळे. आज डिपॉझिट मिळतंय. पूर्ण."

आवाज भिंतींवर फिरला आणि बसला.

मग स्वयंपाकघरातून एक बारीक आवाज आला. हातातली वस्तू कुणीतरी ओट्यावर हळूच ठेवावी ना, तसा. काम करता करता हाक आली की माणूस ठेवतो, तसा. त्यानंतर घसा साफ केल्याचा आवाज... अगदी अदबीने.

मी स्वयंपाकघरात डोकावले. ओटा रिकामा. म्हटलं, शेजारचा असेल. या भिंती गोंदानेच बांधलेल्या, पलीकडचा ढेकर अलीकडे ऐकू यायचा.

बाहेर आले तर गोंद उभा. माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मग त्याने काय करावं? खुर्ची बाजूला ओढली. वाट करून दिली. मी दोन पायऱ्या उतरले, तरी तो खुर्ची धरून तसाच उभा. मग घाईघाईने त्याने इस्त्रीच्या खिशातून दोऱ्याने बांधलेलं पुडकं काढून माझ्या हातात कोंबलं.

"पूर्ण आहेत. कापले नाहीत."

हा माणूस आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्यासमोर तीनदा थुंकी लावून नोटा मोजत बसला होता. आज मोजलंही नाही. दार लावलं, कुलूप घातलं, आणि पाठ दुखणारा तो म्हातारा जिना जवळजवळ पळतच उतरला.

मी मोजले. पूर्ण होते. नोटा जरा दमट होत्या, पण पूर्ण. मला वाटलं, माझ्या आवाजाला घाबरला. फार मोठेपणा वाटला हो मला स्वतःचा.

स्कूटर चालू केली तर मागून दबली. मी शिकवते ना गाडी, मागे माणूस बसला की ती कशी बसते, वळताना कशी जड पडते, ते मला पाठीने कळतं. आरशात पाहिलं. मागे सीट, बाकी काही नाही. पंपावर हवा तपासली, हवा बरोबर होती. चढावर गाडी कुंथत होती. मी ठरवलं, प्लग खराब असणार.

त्या संध्याकाळी नव्या मालकीणबाईंच्या हातात पुडकं दिलं आणि घर मिळालं. बाई खाली राहतात, आम्ही वर. पूर्वी मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या, त्यामुळे सगळ्यांशी पेशंट असल्यासारखं बोलतात. "काय म्हणतोय आपला नळ?" असं. मला तो गोडवा सहन होत नाही, पण घर छान होतं. नवरा म्हणाला, "बघ, दिले ना त्यांनी."

महिनाभरानंतर भरदुपारी मेट्रनबाई वर आल्या. चेहरा उतरलेला.

"तुमचे सासरे आलेत का हो राहायला?"

"सासरे जाऊन दहा वर्षं झाली."

"मग माझ्या कपाटापुढे कोण उभं राहतं..." त्या हळूच म्हणाल्या. "पाठमोरा असतो. बँकेच्या खिडकीशी उभं राहतात तसा. काही बोलत नाही, काही मागत नाही. मी 'कोण' म्हटलं की बाजूला सरकतो, जसा काही माझाच नंबर आधी आहे." आणि त्यांनी पदराखालून पुडकं काढलं. तोच दोरा. "तुमचे पैसे त्याच कपाटात होते. हे तुम्ही परत घ्या. घर नका सोडू, नुसते हे घ्या."

आता घरमालकीण आपण होऊन डिपॉझिट परत देतेय, हे जगात कुणी पाहिलंय का? मला वाटलं, वय झालंय. "बाई," मी म्हटलं, "करारात लिहिलंय, घर सोडताना द्यायचं. तेव्हाच द्या." आणि दार लावलं. दाराच्या पलीकडे त्या बराच वेळ उभ्या होत्या, आणि त्यांच्या श्वासाशिवाय आणखी एक श्वास होता... तो मात्र दमलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गोंदाकडे गेले. त्याचं घर रंगवून झालं होतं, भाडं वाढवून नवे भाडेकरूही आले होते. स्वारी खुशीत. मला चहा पाजला. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुम्हीच तेवढ्या नीट बोलावलंत त्याला," तो म्हणाला. "बाकीच्यांनी नुसतं चला म्हटलं. डिपॉझिट मिळतंय, असं कोणी म्हणालंच नाही."

"कोणाला?"

"होता एक भाडेकरू. पहिलाच. एकटा, सरळ माणूस. निघताना मी त्याचं सगळं डिपॉझिट कापलं. भिंती खराब केल्या म्हणून."

"केल्या होत्या?"

"छे." हे तो हसून म्हणाला. "नवीन होतो ना धंद्यात, करून बघितलं. तर तो म्हणाला, नीट करून देतो, मग तरी द्याल? म्हटलं, बघू. रोज यायचा, भिंती घासायचा, रंगवायचा. मी रोज एक नवीन जागा दाखवायचो. एक दिवस स्टुलावरून पडला, आणि तिथेच..." गोंदाने कपातला चहा गोल फिरवला. "पण त्याचे पैसे मी खर्च नाही केले हां. बाजूला ठेवले. वर थोडी भर घालून तुम्हाला दिले."

म्हणजे हे त्याचं पुण्य. माणसाला स्टुलावर चढवून मारला आणि नोटांना हात लावला नाही. मी खूप माणसं पाहिली, मुद्दाम उलटी गाडी घालणारी पाहिली, पण इतका हलका माणूस दुसरा नाही. मी म्हटलं, "काका, तुमच्या तोंडावर थुंकायलाही मला थुंकी वाया घालवावीशी वाटत नाही."

त्याला काही वाटलं नाही. "आता तुमचं तुम्ही बघा, ताई. हाक तुम्ही मारलीत, आता पैसे तुमचे. ज्याला ते पूर्ण परत मिळतील, त्याच्या घरी तो जाणार. त्याचा जीव तेवढ्यातच आहे."

आता कळलं ना माझी गत काय झाली? कराराची मुदत संपत आली आणि मेट्रनबाईंनी तो वाढवायला साफ नकार दिला. उद्या आम्हाला घर सोडायचंय, आणि उद्या त्या ते पुडकं माझ्या हातात ठेवणार. मी नाही घेतलं तर नवऱ्याच्या हातात ठेवतील, आणि तो थँक्यू म्हणून घेईल. मग तो माणूस आमच्याबरोबर येणार, कायमचा. कपाटापुढे पाठ करून उभा राहायला.

म्हणून मी डोकं चालवलं. जी बाई पै पैसाठी भांडली, तीच आता मालकिणीला म्हणते, कापा. सगळं कापून घ्या. परत मिळालंच नाही, तर तो आमच्याबरोबर येणार नाही. त्यासाठी घर खराब करायला हवं, तर करू. गेल्या सोमवारी मी हॉलच्या भिंतीत खिळे ठोकले, हात दुखेपर्यंत. प्लास्टर ओंजळीने खाली आलं. नवरा म्हणाला, "फोटो लावतेस?" हो म्हटलं.

मंगळवारी कामावरून आले तर भिंत गुळगुळीत. रंगही जुळवलेला. खिळे उपटून, ठोकून सरळ केलेले, खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवले होते. मी बेसिन फोडलं, ते सांधलं गेलं, भेग शोधून सापडत नाही. दाराला ओरखडे काढले, पॉलिश झालं. मी फोडायचं आणि त्याने जोडायचं, असं चाललंय. त्याला कपात नकोय हो. पुन्हा कुणी कापायला नको, म्हणून जीव तोडून करतोय. आणि खरं सांगू, मला त्याची भीती वाटते, पण त्याचा राग येत नाही. राग त्या गोंदाचा येतो.

आज दुपारी मेट्रनबाई घर बघून गेल्या. भिंतींवरून हात फिरवला, खोली खोली पाहिली. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "इतकं नीट ठेवलेलं घर मी पाहिलं नाही. एक पैसा कापायला जागा नाही."

त्या गेल्यावर मी शेवटचा हातोडा घातला, हीच भिंत, तुमच्या पाठीमागची. चांगला नारळाएवढा खड्डा पडला. मग पलंगावर जरा आडवी झाले. डोळा लागला. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि खड्डा बुजलेला होता. पुट्टी अजून ओली होती. घाईत केलेलं काम, त्यामुळे मधोमध एक अंगठा उमटला होता.

पहिल्यांदाच त्याची काहीतरी खूण राहिली, म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. पुरुषाचा अंगठा नव्हता तो. मी माझा लावून बघितला... बरोबर बसला. आणि तेव्हापासून मी नखं धुतेय, तरी पांढरं निघत नाही.